कांदा खाल्लेली गाय आणि प्रेस्टनचा नेपोलियन

'नेपोलियन डायनामाइट' ह्या अमेरिकन चित्रपटात शेतकी शिकणाऱ्या मुलांच्या स्पर्धेचं एक छोटंसं दृश्य आहे. टेबलावर दुधाचे पेले मांडलेत, पलीकडे परीक्षक बसलेत. नेपोलियन एक घोट घेतो आणि सांगतो, ह्यात ब्लीच आहे. परीक्षक म्हणतात, बरोबर. दुसऱ्या पेल्याचा घोट घेतो आणि सांगतो, ही गाय कांद्याच्या वाफ्यात शिरली होती. तेही बरोबर निघतं. दोन्ही वेळा तो स्वतःशीच 'येस' म्हणतो. अख्ख्या चित्रपटात हा मुलगा कशात तरी पहिल्यांदा सरस ठरतो तो इथे.

बहुतेक लोक हे दृश्य गंमत म्हणून एकमेकांना पाठवतात. मी डेअरीवाली आहे, उदगीरला डेअरी टेक्नॉलॉजी शिकले, आणि माझ्या दृष्टीनं त्या दृश्यात एकही शब्द खोटा नाही. संकलन केंद्रावर कॅनचं झाकण उचललं की लगेच वाकून वास घ्यायचा असतो, कारण आत कोंडलेला वास पहिल्या क्षणी कळतो आणि मग उडून जातो. धारेच्या आधी जनावराला लसूणघास भरपूर घातला असेल तर तो दुधात कळतो. कांद्याचं तर विचारूच नका. त्याचा वास पोटातून जातोच, पण गायीच्या नुसत्या श्वासावाटेही रक्तात आणि तिथून दुधात उतरतो, तोही अर्ध्या तासात. आणि भांडी निर्जंतुक करून नीट खळबळली नाहीत की ब्लीचचा वास राहतो. ज्यानं हे दृश्य लिहिलं त्यानं दुधाच्या गावात दिवस काढलेत, हे मला पहिल्याच वेळी कळलं.

आणि ते खरंच आहे. दिग्दर्शक जॅरेड हेस अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या प्रेस्टन गावच्या हायस्कुलात शिकला. पटकथा त्यानं पत्नी जेरुशाबरोबर लिहिली. २००३च्या उन्हाळ्यात, सुमारे चार लाख डॉलरमध्ये, ह्याच गावात चित्रीकरण झालं आणि २००४च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे त्यानं चार कोटी डॉलरच्या वर कमाई केली. नेपोलियन झालेला जॉन हेडर तेव्हा विद्यार्थी होता, आणि त्याला सुरुवातीला हजार डॉलर मिळाले होते. चित्रपटातली टीना नावाची लामा (उंटाच्या कुळातला लोकरी प्राणी) हेसच्या आईकडची.

मी राहते ते लोगन युटामध्ये आहे. प्रेस्टन इथून उत्तरेला पाऊण तासाच्या आत येतं. मध्ये राज्याची हद्द लागते, पण खोरं एकच, कॅश व्हॅली. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मध्ये सपाट शेतं, गोठे, सिंचनाचे पाइप, आणि वारा फिरला की शेणाचा वास. पडद्यावर तेच दिसतं. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. माणूस मधोमध, समोरासमोर उभा, मागे भलंमोठं रिकामं आकाश. कुणी विचित्र काही बोललं तरी कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ धावत नाही, संगीत 'आता हसा' म्हणून सांगत नाही. सगळ्यांना सारख्या अंतरावरून पाहिलं जातं: नेपोलियनला, दिवसभर चॅटवर बसलेल्या त्याच्या थोरल्या भावाला किपला, आणि कॉलेजच्या खर्चासाठी दारोदार की-चेन विकणाऱ्या, दारात उभं राहून पाठ केलेलं बोलता बोलता घाबरणाऱ्या डेबला.

अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट ह्यांनी ह्या चित्रपटाला चारपैकी दीडच तारा दिला होता. हा चित्रपट गावातल्या येड्यागबाळ्यांची टिंगल करतो, असं मानणारे आजही भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. टिंगल करणारा लांबून बघतो आणि ढोबळ रंगवतो. इथे तपशील इतके नेमके आहेत की ते प्रेमाशिवाय येत नाहीत.

कोंबड्यांच्या फार्मचं दृश्य घ्या. नेपोलियन तासाला एक डॉलरवर कोंबड्या हलवायच्या कामाला जातो. दुपारी जेवायला अंड्याचे सँडविच, आणि प्यायला कच्च्या अंड्यांचा जग. तिथला म्हातारा शेतकरी तोंडातल्या तोंडात सांगतो की पलीकडच्या ओढ्यात त्याला शोशोनींचे, म्हणजे इथल्या मूळ जमातीचे, दोन बाणाग्र सापडले होते. पुढे काही नाही, दृश्य सरकतं. बाहेरच्यांना हे असंबद्ध बोलणं वाटतं. पण प्रेस्टनच्या वायव्येला थोड्याच अंतरावर, बेअर नदीकाठी, २९ जानेवारी १८६३ रोजी अमेरिकी सैन्यानं वायव्य शोशोनींच्या हिवाळी वस्तीवर हल्ला करून शेकडो माणसं मारली. बायका, मुलं, सगळी. ती जागा त्याच जमातीनं २०१८ मध्ये विकत घेतली. त्या हायवेवरून जाताना हे ठाऊक असलं की म्हाताऱ्याचं ते एक वाक्य कानात वेगळंच वाजतं. इथली जुनी माणसं अशीच बोलतात. नांगरताना काय सापडलं ते सांगतात आणि गप्प होतात. नेपोलियनचा मेक्सिकन मित्र पेद्रो, त्याचंही तसंच. ह्या खोऱ्यातल्या गोठ्यांवर आणि मांसाच्या कारखान्यात मेक्सिकोहून आलेली माणसं मोठ्या संख्येनं राबतात, आणि त्यांची मुलं ह्याच शाळांत असतात. विद्यार्थी-अध्यक्षाच्या निवडणुकीत भाषणाला उभा राहिल्यावर पेद्रो म्हणतो की शाळेच्या व्हरांड्यांत राखणीला संतांच्या मूर्ती बसवाव्यात, आणि शेतकी शिकणाऱ्या मुलांच्या संघटनेचे कार्यक्रम वाढवावेत. एकाच भाषणात आईचं घर आणि नवं गाव दोन्ही येतात. मला त्याच्या त्या शांत आवाजात खूप धैर्य दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांच्याबरोबर पुन्हा पाहिला. त्यांची हयात गावच्या दूध सोसायटीत गेली. दुधाच्या पेल्यांपाशी नुसती मान हलवून म्हणाले, "बरोबर सांगितलं पोरानं." मग बऱ्याच वेळानं विचारलं, "अगं, ह्या लेकराला मायबाप न्हाईत का?" खरंच, चित्रपट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आजी सांभाळते, ती वाळूच्या टेकड्यांत गाडीवरून पडून माकडहाड मोडून घेते, म्हणून रिको काका राहायला येतो. १९८२ सालच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये अडकलेला, व्हॅनमध्ये राहणारा, समोरच्या डोंगरापलीकडे चेंडू फेकून दाखवीन म्हणणारा माणूस. आईवडिलांची जागा रिकामीच राहते. मी इतक्या वेळा पाहूनही हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि आता तो डोक्यातून जात नाही. नेपोलियनच्या सगळ्या थापा, काकांबरोबर अलास्कात शिकारीला गेलो होतो वगैरे, मला आता वेगळ्या ऐकू येतात.

आवडीचं म्हणाल तर, नेटफ्लिक्सनं २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं: प्रेक्षक कुठल्या चित्रपटाला किती तारे देईल ह्याचा अंदाज आमच्यापेक्षा १० टक्क्यांनी सुधारून दाखवा. ते बक्षीस २००९ मध्ये दिलं गेलं, पण दरम्यान गणितवाल्यांना सर्वांत जास्त छळलं ते ह्याच चित्रपटानं. एकसारख्या आवडीची माणसंही इथे फुटायची. एक पाच तारे देणार, दुसरा एक. मला कारण सरळ दिसतं. ह्या मुलावर जीव लावायचा की नाही हे चित्रपट तुम्हाला सुचवत नाही, तुमचं तुम्ही ठरवायचं.

आयडाहोच्या विधिमंडळानं तर २००५ मध्ये ह्या चित्रपटाच्या आणि प्रेस्टनच्या गौरवाचा ठराव केला. त्यात बटाट्याच्या टॉट्सचा (किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या छोट्या गोळ्यांचा) उल्लेख आहे, लामाचा आहे. आपलं गाव पडद्यावर ओळखू आलं म्हणून एखाद्या राज्यानं केलेला असा ठराव वाचताना मला खरोखर आनंद होतो.

नाचाबद्दल सगळे लिहितात, म्हणून थोडक्यात. पेद्रोच्या भाषणानंतर ऐनवेळी नेपोलियन मंचावर जातो आणि नाचतो. हेडरला तो नाच कुणी बसवून दिला नव्हता. मित्रासाठी भर शाळेसमोर एवढं उघडं पडणं, हे त्या वयात फार मोठं असतं. चेहऱ्यावर तेव्हाही हसू नाही.

आणि शेवटी नावं सरकायला लागली की उठू नका. किप आणि त्याची चॅटवरची मैत्रीण ला फॉन्डा ह्यांचं लग्न त्याच्यानंतर आहे. चित्रपट विकला गेल्यावर वेगळं चित्रित करून ते जोडलं. किप तिच्यासाठी गाणं म्हणतो, आणि नेपोलियन स्वतः माणसाळवलेला घोडा घेऊन येतो. बाबा चहा टाकायला उठले होते, त्यांना मी हाताला धरून परत बसवलं.