‘बॅकअप आहे ना?’ ‘हो, आहे’

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बर्डीत गर्दी कशी असते हे नागपूरकराला सांगायला नको. दीक्षाभूमीसाठी राज्यभरातून माणसं उतरलेली असतात, त्यातच दिवाळीचा बाजार सुरू झालेला असतो. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान दहा बाय आठचं. कुणाची चार्जिंग पिन गेलेली, कुणाचा डिस्प्ले रेटारेटीत फुटलेला, आणि प्रत्येकाला अर्ध्या तासात गाडी गाठायची. अशा वेळी काउंटरवर एक काकाजी येऊन शांतपणे उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्यावर भगवी टोपी. भिवापूरच्या पुढच्या एका खेड्यातून एसटीने गणेशपेठला उतरून आले होते.

"भाऊ, मोबाइल लई हँग होऊन राहिला. आपला आपणच बंद पडते अन् मंग चालू होते."

मी स्टोरेज उघडून पाहिलं. ६४ जीबीचा फोन, ९१ टक्के भरलेला. बाहेरच्या माणसाला वाटतं की ‘सॉफ्टवेअर गेलं’ म्हणजे काहीतरी गूढ बिघाड असतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा फोनांपैकी कितीतरी फोनांत फक्त जागा संपलेली असते. प्रणालीला रोज थोडंफार लिहायला जागा लागते, ती मिळाली नाही की फोन अडखळतो. मी म्हटलं, "काकाजी, जागा भरली आहे. सगळ्याचा बॅकअप घ्या आणि दसरा झाल्यावर या, मी साफ करून नवीन सॉफ्टवेअर मारून देतो." त्यांनी मान डोलावली आणि निघाले. दोन मिनिटंही लागली नसतील.

फोनला मेमरी कार्डाची खाच होती आणि ती रिकामी होती. मी ती पाहिली होती. माझ्या पाठीमागे भिंतीवर ६४ जीबीची कार्डं टांगलेली होती.

कोजागिरीनंतर दोन दिवसांनी ते परत आले. फोन सुरू होता, अगदी नव्यासारखा, भाषा निवडा म्हणणाऱ्या पहिल्या पडद्यावर. "चालू तं झाला भाऊ, पण नेटवर्क येत नाही. अन् माह्या रेकॉर्डिंगा कुठी गेल्या?"

मी वाय-फायची यादी उघडली. वरच्या ओळीत ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ असं लिहिलेलं एक खोटं नेटवर्क दिसलं. मीडियाटेकच्या प्रोसेसरवर काम करणाऱ्या कुठल्याही कारागिराला ती ओळ पाहिली की पोटात गोळा येतो. *#०६# दाबलं, आयएमईआयच्या, म्हणजे फोनच्या १५ आकडी ओळख क्रमांकाच्या जागी काहीच नाही. म्हणजे कुणीतरी संपूर्ण फोन पुसला होता, अगदी कारखान्यात भरलेली अँटेनाची मापं आणि फोनची ओळखसुद्धा. मी तिथल्या तिथे फोन बंद केला. पुसलेला फोन चालू राहील तितकी त्यावर नवी लिखापढी होत राहते.

हे इथे नीट सांगतो, कारण आमच्या धंद्यात सगळं इथेच ठरतं. मीडियाटेकचा फोन फ्लॅश करायच्या, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर नव्याने भरायच्या टूलमध्ये वर एक छोटी यादी असते, तीन पर्यायांची. ‘डाउनलोड ओन्ली’ निवडलं तर ज्या भागांपुढे तुम्ही खूण ठेवाल तेवढेच लिहिले जातात. ‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’ निवडलं तर आधी सगळी मेमरी पुसली जाते. मी फ्लॅश करताना पहिला पर्याय घेतो, खालच्या यादीतली ‘यूजरडेटा’ची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोटो-फाईलींच्या भागाची खूण स्वतःच्या हाताने काढतो, आणि गरज नसेल तर ‘प्रीलोडर’ची, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचीही काढतो, कारण चुकीचा प्रीलोडर बसला तर फोन कायमचा डेड होऊ शकतो. त्याआधी जिथे फोन वाचू देतो तिथे एनव्हीरॅम, एनव्हीडेटा, परसिस्ट आणि दोन्ही प्रोटेक्ट हे ओळख आणि मापं ठेवणारे भाग वाचून फोनच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. सगळे मिळून फार मोठे नसतात, पाच मिनिटांत होतं. या पाच मिनिटांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, म्हणून बहुतेक दुकानांत ती पाच मिनिटं कुणी देत नाही. ‘फॉरमॅट ऑल’ने मात्र अडलेला फोन हमखास सुरू होतो. गिऱ्हाइकाला पडदा उजळलेला दिसतो, तीनशे रुपये मिळतात, पुढचा फोन.

काकाजींनी खिशातून तालुक्याच्या दुकानाची पावती काढली. खाली छापलं होतं : ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची राहील.’ माझ्या पावतीवरही हेच वाक्य आहे, अक्षरन् अक्षर. बहुधा आम्ही दोघांनी एकाच ठिकाणी छापून घेतलं असावं.

पावतीवरच्या नंबरवर फोन लावला. मुलगा विशीतला असेल, बोलायला नम्र. मी रागातच सुरुवात केली. तो म्हणाला, "दादा, लोगोवर अडकून होता, पुढं जातच नव्हता. मी विचारलं ना, डेटा पाहिजे का म्हणून. काका म्हणाले, बॅकअप घेतलेला आहे."

मी काकाजींकडे पाहिलं. "हो, घेतला ना भाऊ. तुमी सांगतलं तसाच. पुतण्यानं करून देल्ला."

मग पुतण्याला फोन. त्याने खरंच मन लावून काम केलं होतं. फोनमध्ये ‘बॅकअप’ नावाचं नवीन फोल्डर बनवलं आणि रेकॉर्डिंग, फोटो, व्हॉट्सॲपचं सगळं त्यात कॉपी करायला लावलं. त्याच फोनमध्ये. उरलेली सहाएक जीबी जागा रात्रीतून भरली, सकाळी फोन लोगोवर अडकला, आणि ते दोघं तो जवळच्या दुकानात घेऊन गेले.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. माझा शब्द पुतण्याने पाळला, काकाजींनी तोच पुढे सांगितला, त्या मुलाने तो खरा मानला. तिघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही. ‘बॅकअप’ म्हणजे काय ते मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही, कारण मी तो शब्द असा वापरला होता की जणू तो सगळ्यांना ठाऊकच असतो.

रेकॉर्डिंग कशाची, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. काकाजींच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचं खंजेरी मंडळ आहे. सहा वर्षं ते मंडळातल्या म्हाताऱ्यांची भजनं फोनवर भरून ठेवत होते. पिशवीतून त्यांनी दोनशे पानी वही काढली. प्रत्येक रेकॉर्डिंगची नोंद, तारीख, भजनाची पहिली ओळ, म्हणणाऱ्याचं नाव. एकूण ३१२. काही नावांपुढे लाल पेनाने छोटी फुली होती. ती माणसं आता नव्हती. पुण्यतिथीच्या कार्यक्रमात त्यांचे आवाज लावायचे, म्हणून ते आले होते. पुण्यतिथी तीन दिवसांवर.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला बसलो. हा प्रोसेसर जुन्या पिढीतला, त्यामुळे आवाजाचं बटण दाबून केबल लावली की तो संगणकाशी बोलतो. सबंध मेमरीची नक्कल काढली, पाऊण तास लागला. मग ती नक्कल कच्च्या रूपात उघडली. आवाजाच्या फाईलची सुरुवात ओळखू येते, पहिल्या काही बाइट्समध्ये ‘एफ टी वाय पी’ ही चार अक्षरं असतात. ती शोधायला लावली. सापडली ती फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या नमुन्यांची. वापरणाऱ्याच्या भागात पडद्यावर खाली खाली जात राहिलो. शून्य, शून्य, शून्यांच्या ओळीच्या ओळी. मध्येच कुठे काही भरलेलं, पण ते अर्थहीन अक्षरांचा चिवडा.

काकाजी स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत होते. त्यांना काय सांगावं? अँड्रॉइड १० सोबत किंवा त्यानंतर बाजारात आलेल्या प्रत्येक फोनमध्ये डेटा कुलूपबंद ठेवणं सक्तीचं आहे, आणि हा फोन त्यातलाच. किल्ली दोन ठिकाणी वाटलेली असते, एक हिस्सा प्रोसेसरच्या आतल्या सुरक्षित कप्प्यात, दुसरा मेमरीतल्या छोट्या भागांमध्ये. ‘फॉरमॅट ऑल’ने ते छोटे भागही जातात. त्यानंतर जुन्या डेटाचा एखादा तुकडा मेमरीत उरला असेल तरी तो उघडायला जगात किल्ली नाही. चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली तरी नाही. लोक व्हिडिओ पाहून येतात आणि म्हणतात, फोन रूट करा, म्हणजे प्रणालीचा पूर्ण ताबा घ्या, मग डिलीट झालेलं परत येतं. रूट करण्यासाठी बूटलोडर (फोन चालू होताना प्रणाली उचलणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि अनलॉक करताना फोन स्वतःच सगळा डेटा पुसतो. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं आहे. ते बरोबरच आहे, पण त्या संध्याकाळी मला त्याचा आनंद झाला नाही.

मी एवढंच म्हटलं, "काकाजी, तिजोरी आहे, पण किल्ली वितळून गेली."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोगोवर होता तवा तुमच्याकडं आणला असता तं?"

याचं उत्तर मी त्यांना खरं दिलं आणि तेच मला अजून टोचतं. नक्की वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण मी आधी अख्ख्या मेमरीची नक्कल काढली असती. ती नक्कल दुसऱ्या कुठल्याही फोनला निरुपयोगी, पण त्याच फोनला उपयोगाची, कारण किल्ली तोवर शाबूत होती. मग डेटाला हात न लावता फक्त प्रणालीचे भाग नव्याने लिहून पाहिले असते. जमलं नसतं तर नक्कल परत टाकून दुसरं काही. निदान चुकायची मुभा राहिली असती.

आयएमईआयचं काम मी केलं नाही. माझ्या ओळखीत काही जण डब्यावरचा नंबर बघून तो पाचशे रुपयांत लिहून देतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात या ओळखीशी छेडछाड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही आहे. मी त्यांना बिल आणि डबा घेऊन कंपनीच्या अधिकृत केंद्रात जायला सांगितलं.

मग मला सुचलं ते व्हॉट्सॲपचं. मी विचारलं, मंडळाचा ग्रुप आहे का? होता, ४० जणांचा. अधूनमधून ते एखादं भजन ग्रुपवर टाकत. ग्रुपवर आलेल्या फाईली ज्यांनी उतरवून घेतल्या त्यांच्या फोनमध्ये राहतात, पाठवणाऱ्याचा फोन पुसला तरी. पुतण्याने दोन दिवस घरोघर फिरून फोन तपासले. मी त्याला ओटीजीचा, म्हणजे थेट फोनला लागणारा पेनड्राइव्ह दिला आणि एकच सांगितलं : कुणाचाही फोन साफ करू नको, काही हलवू नको, फक्त कॉपी कर, आणि पेनड्राइव्ह माझ्याकडे आण. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तो आला. ३७ रेकॉर्डिंग निघाली. काही पूर्ण, काही दीड मिनिटाचे तुकडे. मी त्यांच्या तीन प्रती केल्या. एक भिंतीवरून काढलेल्या कार्डावर, एक पुतण्याच्या ड्राइव्ह खात्यात, एक माझ्या डिस्कवर. पैसे घेतले नाहीत, घेणं शक्यच नव्हतं.

आता मी काउंटरवर ‘बॅकअप आहे का’ असं विचारत नाही. विचारतो, "हा फोन आत्ता फुटाळा तलावात पडला, तर हे फोटो मला कुठल्या दुसऱ्या ठिकाणी दाखवाल? दाखवा." दहापैकी आठ जण आधी चिडतात, आणि मग त्याच फोनमधलं एखादं फोल्डर उघडून दाखवतात.

काकाजींची वही सध्या माझ्याकडे आहे. मिळालेल्या ३७ नोंदींपुढे मी पेन्सिलने टिक केली आहे. लाल फुलीच्या नावांपैकी तिघांपुढे एकही टिक नाही. गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. त्या तिघांपैकी एकाचा मुलगा पुण्याला असतो, त्याचा जुना फोन गावात घरच्या पेटीत पडून आहे. डिस्प्ले फुटलेला, बॅटरी फुगलेली. तो ग्रुपमध्ये होता. मी पुतण्याला म्हटलं, चार्जिंगला लावू नको, उघडू नको, कुणालाही दाखवू नको. कापडात गुंडाळ आणि पहिल्या एसटीने घेऊन ये.