बारा सेंटिमीटरची दोरी

गाडी घ्यावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधून देणे हा माझ्या व्यवसायाचा एक भाग आहे. मी वाहन अभियंता आहे. पूर्वी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होतो आणि आता पुण्यातून स्वतंत्रपणे गाड्यांची तपासणी करून देतो. माझ्याकडे येणारी बहुतेक कामे जुन्या गाड्यांची असतात. नव्या गाडीसाठी पैसे देऊन सल्ला घेण्याची रीत आपल्याकडे नाही, कारण शोरूममध्ये तो फुकट मिळतो. त्यामुळे कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीमालकांचा फोन आला आणि नवी बीएमडब्ल्यू एम-५ घेण्यापूर्वी एक दिवस येऊन सगळे पाहून द्या असे ते म्हणाले, तेव्हा मला नवल वाटले आणि आनंदही झाला. "गोड बोलायला शोरूमवाले आहेत. तुम्ही खरं काय ते सांगा, मला वाईट वाटलं तरी चालंल," एवढीच त्यांची अट होती.

त्यांना सगळे आण्णा म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री आहे आणि तिथे ट्रॅक्टरच्या व पंपसेटच्या इंजिनांचे सिलिंडर हेड ओतले जातात. ऊस आणि शेतीपंप यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या या धंद्यात त्यांची ही दुसरी पिढी आहे. इंजिन हा त्यांच्या पोटापाण्याचा विषय तर आहेच, पण त्याहून अधिक तो त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि आयुष्यात एकदा तरी आठ सिलिंडरांची गाडी आपल्या दारात उभी असावी ही त्यांची इच्छा तरुणपणापासूनची होती. ती त्यांनी कसलाही संकोच न करता पहिल्याच फोनवर सांगितली, हे मला फार आवडले. अशी गाडी कोणी गरजेपोटी घेत नाही. म्हणून हौस हीच हिशेबातली पहिली नोंद धरावी, असे माझे मत आहे. नक्की कशाची हौस आहे हे नीट कळले, तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

ही गाडी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. ४.४ लिटरचे, दोन टर्बो असलेले व्ही-८ इंजिन आणि त्याच्या जोडीला विद्युत मोटर, दोन्ही मिळून ७२७ अश्वशक्ती आणि १००० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्य ते शंभर किलोमीटर वेग साडेतीन सेकंदांत. ती पूर्ण तयार होऊन परदेशातून येते आणि अशा महागड्या आयात गाडीच्या मूल्यावर साधारण ११० टक्के सीमाशुल्क बसते, त्यामुळे खरेदीदार गाडीच्या किमतीहून अधिक रक्कम करांत भरतो. आण्णांची मुलगी फौंड्रीचे हिशेब पाहते. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर काय फायदा, हे तिने आदल्या रात्रीच फोनवर विचारून ठेवले होते. प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट फौंड्रीला मिळत नाही, आयकरात दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, पण कंपनीच्या नावावरील गाडीला महाराष्ट्रात मोटार वाहन कर २० टक्के दराने लागतो. राज्याच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली आणि आण्णांची गाडी त्या मर्यादेला सरळ जाऊन टेकत होती. विमा धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत रक्कम सव्वादोन कोटींच्या पुढे जात होती. मुलीने आकडे शांतपणे लिहून घेतले आणि म्हणाली, "पैसे त्यांचे आहेत, त्यांनी कमावलेत. फक्त गाडी दारात झाकून ठेवायची वेळ यायला नको." माझ्या कामाचा सगळा गाभा या वाक्यात आला होता.

आण्णांचे घर करवीर तालुक्यातल्या एका गावात आहे. मुख्य रस्ता सोडला की उसाच्या शेतांमधून जाणारा एकेरी डांबरी रस्ता लागतो, जेमतेम पावणेचार मीटर रुंदीचा. गाडी घरापासून कारखान्यापर्यंत रोज दोन वेळा याच रस्त्याने जाणार होती. म्हणून विक्रेत्याची गाडी येण्यापूर्वी, सकाळी उजाडतानाच, मी आण्णांच्या ड्रायव्हरला सोबत घेऊन तो रस्ता मोजायला निघालो. एम-५ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर तीन मीटरांहून किंचित अधिक आहे. मी तीन मीटर लांबीच्या एका सरळ पट्टीच्या दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे ठोकले आणि त्यांच्यामध्ये जमिनीपासून बारा सेंटिमीटर उंचीवर दोरी ताणली. चार माणसे बसून स्प्रिंग दबल्यावर गाडीच्या पोटाखाली एवढेच अंतर उरेल, असे मी धरून चाललो होतो. दोन टोके दोघांनी धरायची, ठोकळे रस्त्यावर टेकवत गतिरोधक ओलांडायचा आणि दोरी कुठे घासते ते पाहायचे, इतकी साधी ही पद्धत आहे.

गतिरोधकाचे एक शास्त्र आहे आणि रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने ते लिहून ठेवले आहे. गोल माथ्याचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा. अशा उंचवट्यावर गाडी मधोमध आली की तिची चारही चाके उतारावरच असतात, म्हणजे उंचवट्याबरोबर गाडीही उचललेली असते. हिशेब केला तर तीन मीटर चाकांतराच्या गाडीच्या पोटाशी फक्त साडेसहा सेंटिमीटर उंची येते, म्हणजे एम-५ सुद्धा त्यावरून सहज जावी. आण्णांच्या गावातला ग्रामपंचायतीसमोरचा गतिरोधक मी टेपने मोजला तेव्हा तो सोळा सेंटिमीटर उंच आणि जेमतेम सव्वा मीटर रुंद भरला. त्यावर गाडी मधोमध आली की पुढची चाके पलीकडे सपाट रस्त्यावर उतरलेली असतात, मागची अलीकडे सपाटच असतात आणि सोळाच्या सोळा सेंटिमीटर थेट पोटाखाली येतात. दोरी माथ्याला लागून वर ताणली गेली. असा गतिरोधक गाडी तिरकी घालून ओलांडता येतो, पण पाच मीटरांहून लांब आणि जवळजवळ दोन मीटर रुंद गाडी पावणेचार मीटरच्या रस्त्यावर तिरकी ती किती घालणार? शाळेजवळचा गतिरोधकही याच जातीचा निघाला. आम्ही गुडघ्यावर बसून मापे घेत असताना डोक्यावर वैरण घेतलेल्या एक आजी थांबल्या आणि त्यांनी विचारले, "रस्ता करनार हाय का रं बाबांनो?" त्यांना काय उत्तर द्यावे, ते आम्हा दोघांनाही सुचले नाही.

पोट घासणे ही रंग खरवडण्याइतकी साधी बाब नाही. या गाडीची १८.६ किलोवॅट-तास क्षमतेची उच्च दाबाची बॅटरी तळाशी बसवलेली आहे. बॅटरी नसलेल्या गाड्यांतही मी याचे परिणाम पाहिले आहेत. एका मालकाच्या गाडीचा ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, दगडावर आपटून तडकला, तेल गळत असताना ड्रायव्हरने गाडी तशीच पुढे नेली, इंजिन जॅम झाले आणि मूळ आघातानंतर गाडी चालवल्याने झालेले नुकसान भरून देण्यास विमा कंपनीने नकार दिला. इंजिन संरक्षणाचे जोड-कवच घ्या असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, परंतु रोजच आपटणारी गाडी कुठलेही कवच फार काळ वाचवू शकत नाही.

सकाळी अकराच्या सुमारास विक्रेत्याने गाडी ट्रकवर चढवून आणली. आण्णांनी आधी बॉनेट उघडायला लावले. वरून फक्त काळी आवरणे दिसत होती आणि त्यांना हात लावायला विक्री प्रतिनिधी तयार नव्हता, म्हणून मी वहीत आकृती काढून दाखवली. या इंजिनात एक्झॉस्ट बाहेरच्या बाजूंना न काढता सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत काढलेला आहे आणि दोन्ही टर्बो तिथेच बसवलेले आहेत, त्यामुळे वायूंचा मार्ग अगदी आखूड होतो. आण्णांनी चष्मा लावून आकृती निरखली. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या वाटेशेजारून पाण्याची वाट काढायची तर ती पोकळी घडवणारा वाळूचा कोअर किती पातळ ठेवावा लागेल, तो ओतताना मोडू नये म्हणून आधार कुठे द्यावा लागेल, यावर ते दहा मिनिटे बोलत राहिले. विक्री प्रतिनिधीला त्यातले फारसे कळले नसावे. मला मात्र माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले. आण्णांना या गाडीत इंजिन हवे होते, पडदे, दिवे आणि आसनांची मालिश यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

सातारा ते कागल सहापदरीकरणाची कामे चालू असल्यामुळे महामार्गावर जागोजागी वळणरस्ते होते. म्हणून आम्ही मोकळा रस्ता शोधत कागल, निपाणी ओलांडून तवंदी घाटापर्यंत गेलो. गाडी आण्णा चालवत होते. त्यांनी बटण दाबले तेव्हा काहीच ऐकू आले नाही, कारण बॅटरी भरलेली असली की ही गाडी विजेवर सुरू होते आणि बरेच अंतर विजेवरच जाते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी म्हटले, "सुरू आहे, निघा." शहराबाहेर पडल्यावर पायाखालचे दडपण वाढले, इंजिन जागे झाले आणि तो खोल, भरीव आवाज आला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी कुठल्याही तक्त्यात मांडू शकत नाही. त्या क्षणापुरते तरी दोन कोटी मला जास्त वाटले नाहीत. पण कायदेशीर वेगमर्यादा काही सेकंदांतच गाठली गेली आणि त्यानंतर पुष्कळ वेळ आम्ही मालमोटारींच्या मागे शांतपणे चाललो होतो.

घाटात खरी परीक्षा झाली. ही गाडी सुमारे २,४३५ किलो वजनाची आहे, म्हणजे आधीच्या पिढीतल्या एम-५ पेक्षा जवळजवळ अर्धा टन जड. बॅटरी आणि मोटर यांचा भार त्यात मोठा आहे. पकड उत्तम, ब्रेक उत्तम, वळणात गाडी कुठेही डगमगली नाही, हे मी माझ्या अहवालातही लिहिले आहे. तरीही उतारावर एकामागून एक आलेल्या वळणांनंतर आण्णा आपण होऊन म्हणाले, "ताकद लई आहे, पण वजन हाताला कळतंय. भरलेला लॅडल उचलल्यासारखं." आयुष्यभर लॅडलमधल्या वितळलेल्या लोखंडाचे वजन सांभाळलेल्या माणसाचा हा अभिप्राय होता आणि माझ्या उपकरणांपेक्षा तो मला अधिक विश्वासार्ह वाटला.

परतताना ते गावच्या रस्त्याला वळले. ग्रामपंचायतीसमोर येताच त्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरून गतिरोधकाकडे पाहत उभे राहिले. विक्री प्रतिनिधी म्हणाला, हळू घेतली तर जाईल. मी वहीतली मापे दाखवली आणि माझ्या जबाबदारीवर जाऊ नका असे स्पष्ट सांगितले. गाडी तिथूनच मागे घेतली गेली. त्या अरुंद रस्त्यावर ती वळवायला जागा नव्हती, त्यामुळे मुख्य रस्त्यापर्यंत ती उलटीच न्यावी लागली, आणि त्या वेळात मागून आलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी फार समजूतदारपणे वाट दिली.

दुपारी फौंड्रीच्या ऑफिसात बसून मी माझे म्हणणे मांडले. कोल्हापूर शहरात घर असते, किंवा गाडी कारखान्यातच ठेवून फक्त महामार्गावर काढायची असती, तर मी नाही म्हटले नसते. पुढचे टायर वीस इंची आणि मागचे एकवीस इंची, त्यामुळे अदलाबदल नाही, स्टेपनी नाही, दुरुस्तीसाठी पुण्याची वाट, हे सगळे हौसेपुढे सोसता येते. पण रोजच्या रस्त्यावर जी गाडी जाऊच शकत नाही, तिच्यावर प्रेम करायला संधी कधी मिळणार? मग मी त्यांना बीएमडब्ल्यूचीच एम-३४०-आय सुचवली. तीन लिटरचे, एका सरळ रेषेत सहा सिलिंडर असलेले इंजिन, ३७४ अश्वशक्ती, शंभरला ४.४ सेकंद, चेन्नईत जुळणी होत असल्यामुळे किंमत पाऊण कोटीच्या घरात. तिचे चाकांतर कमी, वजन सुमारे पाऊण टनाने कमी, आणि बटण दाबल्याबरोबर इंजिन ऐकू येते. सरळ सहा सिलिंडरांची रचना स्वतःच संतुलित असते, त्यांचे हादरे परस्परांना फेडून टाकतात, हे आण्णांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. "आठचा हट्ट सोडायचा म्हणता?" त्यांनी विचारले. "हो आण्णा," मी म्हटले, "तुम्हाला इंजिन चालवायचं असेल तर सोडा."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मुलगीही मध्ये पडली नाही. मग त्यांनी विक्री प्रतिनिधीला चहा पाजला, एम-५ बद्दल मनापासून आभार मानले आणि एम-३४०-आय घेऊन या, पण आधी याच रस्त्यावर, असे सांगितले. मी ती पट्टी तिथेच ठेवून आलो. तिच्यावरचे ठोकळे २.८५ मीटरवर सरकवून आणि दोरी नव्या उंचीवर बांधून ड्रायव्हरने पुन्हा मापे घेतली व मला फोनवर कळवली. शाळेजवळचा गतिरोधक तिरके जाऊन सुटत होता. ग्रामपंचायतीसमोरचा या गाडीलाही सुटत नव्हता, आणि तो इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने नव्याने बांधावा असा अर्ज, माझ्या आकृतीसह, आण्णांनी गावच्या सही-शिक्क्यानिशी पुढे पाठवला. रुग्णवाहिकाही त्याच रस्त्याने जाते, असे त्यांनी अर्जात आवर्जून लिहिले. तो गतिरोधक नीट झाल्यावर दिवाळीच्या सुमारास त्यांनी गाडी स्वतःच्या नावावर नोंदवली.