नोकरी सोडून चित्रं काढायची? आधी तासांचा हिशेब मांडा

‘माझ्यात तेवढी प्रतिभा आहे का?’ हा प्रश्न लोक वर्षानुवर्षं घोळवत बसतात आणि घरबसल्या त्याचं उत्तर काही मिळत नाही. त्यापेक्षा हे विचारा: दुसऱ्याने दिलेल्या विषयावर, त्याच्या मुदतीत, त्याला पटेपर्यंत चित्र काढणं मला झेपतं का? पोटापाण्याचं इलस्ट्रेशन बहुतांशी हेच असतं. काहींना त्यात रंगत येते. काहींचं मन इतकं उडतं की स्वतःसाठी काढणंही सुटतं. आपण कुठल्या गटातले, हे नोकरी चालू असतानाच तपासता येतं.

त्यासाठी अनोळखी माणसांकडून पैसे घेऊन तीन कामं करा. मित्रमंडळींची धरू नका. ते घासाघीसही करत नाहीत आणि नापसंतीही तोंडावर सांगत नाहीत. प्रत्येक कामात वेळ कुठे गेला ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने लिहून ठेवा: पत्रव्यवहार, कच्ची रेखाटनं, पक्कं चित्र, दुरुस्त्या, फाइल तयार करणं, बिल, आणि बिलाच्या मागे लागणं. प्रत्यक्ष कुंचला हातात असलेला वेळ निम्म्याच्या आसपास भरला तर दचकू नका, तसंच असतं.

दर याच नोंदीवरून ठरतो. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून सुट्ट्या, आजारपण आणि रिकामे दिवस मिळून ६ वजा करा. उरलेल्या ४६ आठवड्यांत ४० तासांप्रमाणे १८४० तास होतात. त्यातले निम्मेच बिलात लावता येतात, म्हणजे ९२०. वर्षाचा घरखर्च, कर, विमा, साहित्य आणि सॉफ्टवेअर यांची बेरीज करून तिला ९२० ने भागा. येणारा आकडा नोकरीतल्या ताशी पगाराच्या दुपटीहून जास्त निघतो आणि नवखा माणूस घाबरून तो कमी करतो. तिथेच तो फसतो. काम भरपूर, रात्रीची जागरणं, आणि महिनाअखेरीला हातात काही नाही. गिऱ्हाइकाला मात्र ताशी दर सांगू नका, पूर्ण कामाची रक्कम सांगा. नाहीतर हात जसजसा बसत जाईल तसतशी कमाई घटेल.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दुरुस्त्यांमध्ये. टप्पे पाडल्याशिवाय काम हातात घेऊ नये. आधी अंगठ्याएवढी तीन-चार रेखाटनं, त्यातलं एक निवडून सविस्तर पेन्सिल, मग रंग. प्रत्येक टप्प्यावर लेखी होकार घ्या. पेन्सिलमध्ये मुलीला बसलेलीची उभी करायला वीस मिनिटं लागतात. रंग झाल्यावर तेच काम दोन दिवस खातं, कारण सावल्या, कपड्यांच्या घड्या, मागची खुर्ची सगळंच बदलतं. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या किमतीत धरा, पुढच्या फेरीचे पैसे वेगळे, आणि हे कामाआधीच लिहून द्या. होकार देणारा आणि अंतिम सही करणारा माणूस एकच आहे ना, हेही विचारा. नसेल तर सही करणारा साहेब शेवटी उगवतो आणि त्याला जांभळा आवडत नसतो.

निम्मी रक्कम आगाऊ घ्या. छापायचं असेल तर आकार आधी विचारा: ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचात ३०० ठिपके) ए४ म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आणि लहान काढलेलं चित्र नंतर ताणून चालत नाही. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छपाईच्या चार शाईंत मळकट उतरतो, म्हणून या चार शाईंचा, म्हणजे सीएमवायकेचा, नमुना रंगाच्या टप्प्यालाच पाहावा.

हक्कांबाबत लोक फारच भोळे असतात. चित्र विकणं वेगळं आणि ते वापरायची परवानगी देणं वेगळं. कशावर, किती काळ, कुठल्या प्रदेशात, हे लिहा. ‘सर्व हक्क कायमचे’ मागितले तर रक्कम त्याच मापाने वाढली पाहिजे.

आणि नोकरी सोडायलाच हवी असं कुठे आहे? अमेरिकी कवी वॉलेस स्टीव्हन्स यांना १९५५ साली कवितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं तेव्हाही ते विमा कंपनीत उपाध्यक्ष होते. आठवड्यातले ठरलेले दहा तास तुम्हाला पुरत असतील तर तो कमीपणा नाही. उलट नको ते काम नाकारायची मुभा राहते.

सोडायचीच असेल तर माझे निकष असे: सहा महिन्यांचा खर्च बाजूला, सलग सहा महिने बाहेरच्या कामातून निम्मा घरखर्च निघतोय, आणि कुठलंही एक गिऱ्हाईक एकूण कमाईच्या ४० टक्क्यांहून जास्त देत नाही. तिसरा निकष लोक विसरतात. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलात तर ती नोकरीच झाली, फक्त रजा आणि पगाराची खात्री नसलेली.

तोवर नेमणुकीचा करार काढून वाचा. बाहेरची कामं घ्यायला मनाई आहे का, ते पाहा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे हक्क बऱ्याच देशांत मालकाकडे जातात, त्यामुळे स्वतःची चित्रं ऑफिसच्या वेळेत किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काढू नका. वाद निघालाच तर पहिला सवाल त्यावरच होतो.