डावा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचा

शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात ड्रायव्हर दारात उभा. "मिस्त्री, गाडी येडी झालीया. डावं सिग्नल दिलं की वायपर फिरतोय. चावी काढली तरी चारी इंडिकेटर लुकलुकतायत. आन् आज तर स्टार्टरच घेत नाय."

कळंबोलीत लोखंड बाजाराजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. एकवीस वर्षं ट्रकची वायरिंग करतोय. जुलै म्हणजे आमचा हंगाम. पाऊस लागला की गाड्यांना एकेक आजार सुचतात, त्यामुळे मी फारसा चमकलो नाही. गाडी दहा चाकी, २०१७ची, बीएस-फोर. शनिवारी संध्याकाळी पत्र्याच्या कॉइल भरून पार्किंगला लावलेली, ती सोमवारी सकाळी गार.

दोन्ही बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट हवेत, मीटरवर १७.९ आले. चार्जर लावला आणि चावी बंद ठेवून निगेटिव्हच्या केबलला क्लॅम्प मीटर अडकवला. आकडा खालीवर होत होता, पण सरासरी ३ अँपिअरच्या आसपास. छत्तीस तासांचे झाले १०८ अँपिअर-अवर. बॅटऱ्या दीडशेच्या, त्याही तीन पावसाळे खाल्लेल्या. म्हणजे स्टार्टरचा दोष नव्हता.

जुन्या गाडीत हे सोपं होतं. इंडिकेटरचा करंट स्टिअरिंगच्या दांडीतल्या स्विचमधूनच जायचा, मध्ये एक फ्लॅशर टिकटिक करायचा. बिघडला की शे-दोनशेचा नवा टाकायचा, चहा पिऊन गाडी रस्त्यावर. आता स्विच फक्त निरोप देतो. दिवा कुठला लावायचा, वायपर किती वेगाने मारायचा, हे क्लीनर साइडला डॅशबोर्डखाली बसलेला एक काळा डबा ठरवतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, आमच्या भाषेत बीसीएम. इंजिनाचा डबा, म्हणजे ईसीएम, वेगळा असतो, त्यामुळे डबा वेडा झाला तरी इंजिन मस्त चालतं आणि ड्रायव्हर तसाच गाडी दामटत राहतो.

एकेक फ्यूज काढत गेलो. बीसीएमचा काढला आणि आकडा शून्याच्या जवळ आला. इथेच बरेच जण "डबा गेला" म्हणून मोकळे होतात. पण त्या फ्यूजवर डब्याबरोबर डब्यातून पुढे जाणारी सगळी वायरिंगही असते. फ्यूज परत घातला आणि दिव्यांकडे जाणारे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, सोडवले. दिवे विझले, तरी आतले रिले खटखटत राहिले आणि अर्धा अँपिअर जातच होता. अर्थिंग तपासलं, ठीक. गाडीतले डबे एकमेकांशी बोलतात ती लाइन म्हणजे कॅन. बॅटरी सोडवून तिच्या दोन वायरींमध्ये मोजलं, ६० ओहम आले. दोन टोकांना १२०-१२०चे रेझिस्टर असतात, दोन्ही शाबूत असले की ६०च दिसतं. लाइन ठीक होती.

मग डब्याचा वरचा कपलर ओढला. माझ्या मनगटावर पाणी आलं.

चमचाभर असेल. पिनांवर हिरवा-पांढरा कळंक चढलेला. डाव्या इंडिकेटरची आणि वायपरची पिन शेजारीशेजारी, मधल्या पाण्यानं दोघींचं लग्न लावलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, ड्रायर फिरवला, जोडलं. सगळं शहाण्यासारखं चालू झालं. ड्रायव्हर खूश. मी त्याला म्हटलं, "मामा, तासभर थांबा." पाऊण तासात इंडिकेटर पुन्हा आपोआप लागले. डबा उघडला तर आतल्या बोर्डावर एका कोपऱ्यातले तांब्याचे ट्रॅक खाऊन गेलेले. डबा खरंच गेला होता.

पण पाणी आलं कुठून? काचेचं रबर पाहिलं, कोरडं. मग खांबाचं प्लॅस्टिक कव्हर उचकटलं. कपलरच्या लूममध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, एक जादा वायर घुसवलेली दिसली. टपावरच्या शोभेच्या लायटीची. टपाला भोक, भोकात रबरी ग्रोमेट नाही, नुसतं सिलिकॉन, तेही उन्हानं भेगाळलेलं. तिथून पाणी वायर धरून सरळ उतारानं डब्यात. वायरीला पिवळी स्लीव्ह, तिच्यावर काळी टेप आणि टेपच्या टोकाला मेणदोऱ्याचे तीन वेढे.

उन्हात टेप सुटू नये म्हणून असे तीन वेढे मी मारतो. आसपासच्या दुकानांत दुसरं कोणी मारत नाही.

तीन वर्षांपूर्वीचं काम असणार. तेव्हाचा ड्रायव्हर वेगळा. या माणसाला काही माहीत असायचं कारण नव्हतं. तो शेजारी वाकून विचारत होता, "काय सापडलं का?" मी म्हटलं, "सापडलं." पुढचं जरा वेळानं सांगितलं.

नवा डबा मागवायचा तर आठ दिवस, आणि लोड गाडीमालक शेठच्या डोक्यावर. पोराला कुर्ल्याला सीएसटी रोडला पाठवलं. संध्याकाळी चारला तो सेकंडहँड डबा घेऊन आला. पार्ट नंबर तोच. बसवला, तर दिवे-वायपर ठीक, पण डॅशबोर्डच्या मीटरवर ट्रेलरच्या दिव्यांची तक्रार. डबा मूळचा ट्रॅक्टर-ट्रेलरचा. त्याच्या डोक्यात अजून मागे ट्रेलर होता आणि तो त्याचे दिवे शोधत होता. बाहेरून दोन डबे जुळे दिसतात, आतली डेटाची भरणी गाडीगणिक वेगळी. लॅपटॉपवाल्या पोराला बोलावलं. जुन्या डब्यातला डेटा सुदैवानं वाचता आला.

भरणी चालू असताना व्होल्टेज पडलं तर डबा कायमचा गप्प होऊ शकतो, म्हणून चार्जर लावून ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, गाडीला हात लावू नका. बारा मिनिटं. नवव्या मिनिटाला क्लीनर चहा घेऊन आला आणि त्यानं केबिनच्या दाराला हात घातला. आम्ही तिघंही एकदम ओरडलो. बिचाऱ्याच्या हातातला चहा चिखलात.

डबा बसला, तरी पाण्याची वाट बंद केल्याशिवाय मी गाडी सोडणार नव्हतो. टपावरची वायर पूर्ण काढली, भोकावर पत्र्याची टिकली रिव्हेट करून वरून सीलंट भरलं. लूम आधी डब्याच्या खाली उतरवला आणि तिथून वळवून वर कपलरला नेला. पुन्हा कधी पाणी आलंच तर त्या वळणावरून खाली ठिबकेल. हे वळण मी तेव्हाच द्यायला हवं होतं. खर्च शून्य. मग डब्याखाली वर्तमानपत्र पसरलं आणि क्लीनरला टपावर चढवून चार बादल्या ओतायला लावल्या. कागद कोरडा.

शेठना फोन केला. भोक माझं आहे, हे सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मग डब्याचे निम्मे तुमचे. मजुरी धरू नका." मी हो म्हटलं. घासाघीस करायला तोंड नव्हतं.

ड्रायव्हर निघताना तेवढा एकदा कुरकुरला, "लायटीशिवाय गाडी बोडकी दिसती, मिस्त्री." डावा इंडिकेटर देऊन तो हायवेकडे वळला. मी वायपरकडे बघत होतो, हलला नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच महिन्यात शेठच्या आणखी तीन गाड्यांना मी तसल्याच लायटी लावल्या होत्या. जुनी वही काढून नंबर शोधले आणि फोन केले. दोन गाड्या त्याच आठवड्यात येऊन गेल्या. एकीच्या कपलरला नुकताच कळंक धरायला लागला होता, दुसरी कोरडी. तिसरी लांबच्या लाइनवर आहे, पुढच्या खेपेला येते म्हणालेत.