क्योतो स्थानक, एन गेज, नोंद ४: उत्तरेची कड आणि १७१ पायऱ्या

जपानमधल्या क्योतो रेल्वे स्थानकाचं छोटं मॉडेल एन गेजमध्ये, म्हणजे ९ मिमी रुंद रुळांवर, बांधणं चाललंय. या टप्प्यात ० आणि ३० क्रमांकांचा जोडफलाट बसला, पश्चिमेकडचे बंद टोकाचे रूळ जोडून झाले आणि मोठा जिना अर्ध्याच्या वर चढला. शिन्कान्सेनचा (बुलेट ट्रेनचा) पूल अजून नुसता सांगाडा आहे.

क्योतोचं मॉडेल बहुतेक वेळा आकड्यांतच फसतं. इथे फलाट क्रमांक १ नाहीच. उत्तरेकडून ०, मग २ ते १०, त्यापुढे शिन्कान्सेनचे ११ ते १४, आणि तिथून उडी थेट ३० ते ३४ वर. आजचा ० हा २००२ पर्यंत १ होता. ० आणि २ यांच्या मधून एक रूळ फलाटाशिवाय जातो. न थांबणाऱ्या गाड्या त्यावरून निघून जातात, आणि १ हा आकडा त्या रुळाचा. तिशीतले आकडे पश्चिम टोकाला, मुख्यतः सानइन मार्गाच्या गाड्यांसाठी. जपानीत तीनला 'सान' म्हणतात, त्यावरचा हा शब्दखेळ असल्याचं सांगतात.

म्हणून जागा वाचवायला तो मधला बिनफलाटाचा रूळ गाळू नका. तो गेला की क्योतो गेलं, उरतं ते कुठलंही स्थानक. ०, १, २ या तिन्ही रुळांत तयार ट्रॅकचं ३३ मिमी अंतर ठेवलंय. प्रत्यक्षातलं सुमारे ४ मीटर १:१५० ला २७ मिमी भरतं, म्हणजे थोडं ऐसपैस दिसतं, पण डबे काढायला बोटं आत जातात.

जोडफलाटाची खरी लांबी ५५८ मीटर: ० चा भाग ३२३, ३० चा २३५. १:१५० ला ३७२ सेंमी झाले असते. मॉडेलच्या पायासाठी १२० सेंमीचे दोन पाट हाताशी असल्याने लांबी ६० टक्क्यांवर आणली: १२९ अधिक ९४, एकूण २२३ सेंमी. गाड्यांचा हिशेब असा: कपलिंगसकट डबा सुमारे १३.८ सेंमी, म्हणजे ९ डब्यांची थंडरबर्ड एक्सप्रेस १२४ सेंमी, ० वर जेमतेम मावते. विमानतळाची हारुका ३० वरून सुटते; तिचे ६ डबे ८३ सेंमीत बसतात, आजचे ९ बसत नाहीत. त्यामुळे इथली हारुका जुन्या दिवसांतली, ६ डब्यांचीच.

शिन्कान्सेनचं मात्र वेगळं ठरवलं. क्योतोवरून जाणाऱ्या तोकाइदो मार्गावर १६ डब्यांहून कमी गाडी नाही, मग ८ डब्यांची उभी करणं म्हणजे फसवणूक. डबा १५.६ सेंमी धरला तर १६ डबे २५० सेंमी होतात, पाट २४०. दोन्ही टोकं पाटाबाहेर काढून इमारतींच्या आड लपवायची. मधले १५ डबे दिसले तरी पुरे.

मापाचा गुंता इथेच आहे. जपानी एन गेजमध्ये साधी गाडी १:१५०, शिन्कान्सेन १:१६०, आणि रूळ दोन्हींना ९ मिमी. १४३५ मिमी भागिले १६० केले की बरोबर ९ येतात. १०६७ भागिले १५० केले की ७.१, म्हणजे साधे रूळ जवळजवळ २ मिमी जास्त रुंद. त्यात शिन्कान्सेनखाली किन्तेत्सु या खासगी रेल्वे कंपनीचं स्थानक, तिच्या गाड्या १:१५०. पुलाचे खांब आणि किन्तेत्सुचे फलाट १:१५० ला, वरचे शिन्कान्सेनचे फलाट १:१६० ला. दोन मापांचा सांधा पुलाच्या कडेच्या भिंतीआड जातो, डोळ्याला कळत नाही.

फलाटाची कड डब्याच्या बाजूपासून सरळ भागात २ मिमी. पश्चिम टोकाला आर४८१ चं (४८१ मिमी त्रिज्येचं) वळण आहे, तिथे हे चालणार नाही: डब्याखालच्या दोन चाकगाड्यांमधलं (बोगींचं) अंतर ९३ मिमी धरलं तर डब्याचा मध्य आतल्या बाजूला सव्वादोन मिमी सरकतो, टोकं बाहेर तितकीच. तिथे ४.५ मिमी ठेवा, आणि फलाट चिकटवण्याआधी सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून बघा.

३१ ते ३४ या बंद रुळांची तक्रार नेहमीची: ३१ वर गाडी सोडली की ३२ वरची उभी गाडी पुढे सरपटते. गाडीचा रूळ बदलणारा साधा सांधा वीज तोडत नसेल तर असं होतंच. प्रत्येक रुळाच्या तोंडाशी एका पट्टीला इन्सुलेटेड (वीज अडवणारा) जॉइनर आणि वेगळा टॉगल स्विच लावा. मुख्य रुळांना दर मीटरला फीडर (वीज पुरवणारी तार), नाहीतर पूर्व टोकाला गाडी मंदावते.

आता इमारत. पहिलं स्थानक १८७७ चं. १९१४ ला नवी इमारत त्याच्या दक्षिणेला आली आणि जुनी जागा समोरचं पटांगण झाली. ती १९१४ ची इमारत १९५० ला जळली, १९५२ ला काँक्रीटची आली, आणि आजची हारा हिरोशी यांनी आखलेली १९९७ ची. ज्यांना कमी कष्ट हवेत त्यांनी १९५२ ची बुटकी इमारत घ्यावी. आजची ४७० मीटर लांब, ६० मीटर उंच. लांबी ६० टक्के घेऊन १८८ सेंमी, पण उंची ७५ टक्के, म्हणजे ३० सेंमी. उंचीही ६० टक्के केली तर ती क्योतोवर दांडगाई करणारी इमारत राहत नाही, आणि या उंचीवरूनच बांधताना शहरात मोठा वाद झाला होता.

जिना चौथ्या मजल्यावरून अकराव्यापर्यंत, १७१ पायऱ्या. १ मिमी पुठ्ठ्याचे १७१ थर म्हणजे १७.१ सेंमी, हिशेब जुळतो. पण फेव्हिकॉलचा थर फक्त ०.०५ मिमी धरला तरी १७१ थरांत साडेआठ मिमी वाढतात, आणि पाण्याचा गोंद पुठ्ठा फुगवतो, पावसाळ्यात तर फारच. स्प्रे अॅडहेसिव्ह वापरला, दर १० थरांनी रात्रभर वजनाखाली दाबून ठेवले, आणि प्रत्येक टप्प्याला उंची मोजली. ९० थरांवर माप ९१ मिमी आलं. पुढच्या ८१ थरांत काही थर पुठ्ठ्याऐवजी पातळ कार्डशीटचे घालून तो मिमी परत मिळवायचा आहे.