मोबाइल आहे की, मग हे आणखी एक कशाला?

माझ्या हातातलं किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र, पाहून डोंबिवलीच्या गाडीत दर पंधरवड्याला कुणीतरी विचारतंच, "मोबाइलवर वाचता येतं की हो, मग हे आणखी एक कशाला?" परवाही एका ताईंनी विचारलं आणि मी तोंड उघडेपर्यंत ठाणं आलं. तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल, म्हणून आता सावकाश सांगते.

पहिलं कारण माझा उजवा हात. सकाळी तो वरच्या कडीला लटकलेला असतो. उरलेल्या हातात चारशे पानांचं पुस्तक धरून पान उलटून बघा. ते समोर बसलेल्या बाईंच्या डोक्यावर पडतं. (पडलंय.) किंडल भरतं दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि पान अंगठ्यानं उलटतं. मोबाइलही एका हातात मावतो, पण दुसऱ्याच पानाला सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून भांडण लागतं आणि कादंबरीतला खून तसाच राहतो.

दुसरं कारण पडदा. त्यात केसाच्या जाडीच्या कुप्या असतात, आणि कुप्यांत उलटसुलट विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात, आणि वीज काढून घेतली तरी तिथंच बसून राहतात. त्यामुळे अक्षरांना वीज लागते ती फक्त पान बदलताना, आणि चार्जिंग दिवसांत नाही, आठवड्यांत मोजायचं. भर दुपारी गच्चीवरही अक्षर कागदासारखं दिसतं. मधूनच पान बदलताना पडदा क्षणभर काळा होतो. तो बिघाड नव्हे. रात्री वाचणार असाल तर आतला दिवा आहे ना, एवढं घेताना बघा.

मराठीच्या बाबतीत मात्र कौतुक जरा आवरतं घेते. किंडलच्या दुकानात मराठीचा विभाग आला २०१६च्या डिसेंबरात, पण हवं ते पुस्तक असेलच असं नाही. मग माणूस पीडीएफ शोधतो आणि फसतो. सहा-सात इंचांत मोठ्या आकाराचं पान म्हणजे मुंग्यांची रांग. कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन ते बदलायला जावं, तर युनिकोडआधीच्या, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या फाँटात जुळवलेलं पुस्तक रोमन अक्षरं आणि कंसांचा काला होऊन बाहेर येतं. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला. त्यापेक्षा मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडासारख्या मोफत ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर जा. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. तशी कितीतरी पुस्तकं तिथून ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, उतरवता येतात. २०२२पासून ईपब फाइल किंडलला मेलनं पाठवता येते.

एक गोष्ट मला अजून खुपते. इथं विकत घेतलेलं पुस्तक मैत्रिणीच्या हातात ठेवता येत नाही, आणि ते पुरतं आपलंही नसतं. २००९मध्ये अ‍ॅमेझॉननं हक्कांच्या घोळापायी इंग्रज कादंबरीकार जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत केले, नंतर माफी मागून पुस्तक परत द्यायचीही तयारी दाखवली, पण न विचारता ते नेता येतं हे कळलंच. म्हणून जी परत परत वाचते, ती मी कागदावरच घेते.

तरीही दुसरं किंडल घेतलं, ते आईसाठी. मोतीबिंदू काढल्यावरही तिला बारीक टाइप जमेना, आणि ग्रंथालयाची वर्गणी नुसतीच भरली जात होती. तिच्या किंडलवर मी अक्षर इतकं वाढवलंय की पानात जेमतेम सात ओळी मावतात. "किती भराभर वाचतेय बघ मी," म्हणते. पान उलटताना अजून बोट जिभेला लावते, मग पडद्याला. पान उलटतंही. चष्म्याचं फडकं तेवढं मी त्याच्या कव्हरमध्ये घालून ठेवलंय.