चार पौंड हवा

पुणे-बंगळूर हायवेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे जाऊन मागच्या चाकात ४ पौंड हवा मागून बघा. पहिल्यांदा त्याला ४० ऐकू येतं. पुन्हा सांगितलं की तो आधी गाडीकडे बघतो, मग मागणाऱ्याकडे. त्याच्या हिशेबात ४ पौंड म्हणजे पंक्चर. पंक्चर काढून घ्यायला लोक येतात, करून घ्यायला कुणी येत नाही.

ट्रायल्सची मोटारसायकल साताऱ्यात घेऊन राहायचं तर सुरुवात अशी होते. या गाडीला सीट नसते, म्हणजे नावाला असते, बसायला नाही. टाकी दोन-तीन लिटरची, वजन ७० किलोच्या आसपास आणि वेग बऱ्याचदा माणसाच्या चालीचा. ओढ्यातल्या धोंड्यांवरून, मुळांवरून, चिखलातल्या चढावरून पाय न टेकता गाडी पार न्यायची, एवढाच खेळ. एकदा पाय टेकला तर १ गुण दंड, दोनदा टेकला तर २, त्याहून जास्त कितीदाही टेकला तरी ३, आणि पडलात तर ५. चाराचा आकडा गुणांत नाहीच. तो टायरमध्ये आहे.

मागचा टायर ४.००-१८, ट्यूबलेस, मऊ भिंतीचा. हवा ४ ते ५ पौंड असली की तो दगडाला कुशीत घेतल्यासारखा बिलगतो. ८ पौंड केली की तोच टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो, आणि चालवणारा स्वतःच्या कसबाला दोष देत बसतो. पुढे २.७५-२१, आत ट्यूब, हवा ५.५ ते ६.५. याहून खाली गेलं की बसाल्टची धार थेट रिमला लागते आणि रिमला खळगा पडतो. पंक्चरवाल्याचा मीटर या आकड्यांशी बोलतच नाही; ० ते १५ पौंडांचा छोटा मीटर घरी हवा. मात्र टायर नवा चढवताना त्याच पंक्चरवाल्याच्या पाया पडावं लागतं. टायरची कडा रिमवर बसायला साबणाचं पाणी आणि ३०-४० पौंडांचा जोर लागतो. 'फट्' असा आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे, आणि टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. मग हवा सोडून द्यायची. एवढी भरलेली हवा सोडून देताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

या गाडीचे निम्मे आजार पंगतीतल्या आग्रहातून येतात. आपला हात वाढणाऱ्याचा हात आहे. हवा थोडी जास्त, ऑइल थोडं जास्त, नट अजून अर्धा आटा, धुताना पाण्याला अजून जोर. रस्त्यावरच्या गाडीला हा आग्रह पचतो, हिला पचत नाही.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचंच बघा. गॅरेजमधली सवय म्हणजे हँडलवरचा क्लॅम्प कचकन आवळायचा. ट्रायल्सची गाडी रोज पडते, पडणं हा सरावाचाच भाग. क्लॅम्प घट्ट असेल तर पडल्यावर लिव्हर मोडते, कधी लिव्हरमागच्या मास्टर सिलिंडरचा, म्हणजे तेल ढकलणाऱ्या डबीचा, कानही जातो. म्हणून क्लॅम्पखाली हँडलवर नळ बसवणाऱ्याची पांढरी टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे गुंडाळायची आणि बोल्ट इतकेच आवळायचे की हाताने जोर लावला तर लिव्हर फिरेल, ब्रेक दाबताना फिरणार नाही. पडली की लिव्हर निमूट वर सरकते. उचलायची, जागेवर आणायची, पुढे जायचं. टेपचा रीळ चहाच्या पैशांत येतो आणि लिव्हर परदेशातून यायला आठवडे लागतात.

चेनची गोष्ट तीच. सैल दिसते म्हणून ताणायची घाई करू नये. मागचं चाक वर उचलत न्यावं. चाकाचा एक्सल, स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, पिव्होट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत आले की चेन सगळ्यात घट्ट होते. त्या जागी बोटभर ढील उरली पाहिजे. उरली नाही तर प्रत्येक उडीला चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढते, आणि ते बेअरिंग बदलायचं म्हणजे इंजिन उघडायचं. चेन ताणायच्या, एक्सलजवळच्या गोगलगाईसारख्या चकत्या दोन्ही बाजूंना एकाच खुणेवर हव्यात.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याचं ज्ञान साताऱ्यातल्या एका पिढीकडे होतं. स्कूटरला पंपावर 'टूटी' मारून घ्यायची, लिटरला २० मिलि, आणि मागे निळा धूर सोडत जायचं. आजच्या टू-स्ट्रोक ट्रायल्स गाड्यांना चांगलं सिंथेटिक ऑइल त्याहून कमी पुरतं. एखाद्या कंपनीच्या पुस्तकात ८०:१ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला साडेबारा मिलि. हे झाकणाने मोजता येत नाही. मेडिकलमधून २० मिलिची सिरिंज आणावी, सुई नको म्हणावं. ऑइल जास्त पडलं तर नुसता धूर होत नाही. ऑइलने पेट्रोलची जागा खाल्लेली असते, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. शिवाय प्लग भिजतो आणि सायलेन्सरच्या जोडातून काळं गळतं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो, म्हणजे आत जाम होतो, ते त्याहून महाग. पुस्तकातला आकडा हाच आकडा. माँटेसा कंपनीची ४आरटी ही ट्रायल्स गाडी फोर-स्ट्रोक आहे, तिला ही भानगड नाही. तिच्या वाटची कटकट व्हॉल्व्हच्या फटीत आहे.

ही गाडी दिवसभर हळू चालते, म्हणून ऑइल सायलेन्सरमध्ये साठत जातं. सराव संपला की मोकळ्या जागी वरच्या गिअरमध्ये एक-दोन मिनिटं जरा मोकळं पळवावं, मग बंद करावं. हा आग्रह मात्र तिला आवडतो.

सिरिंजवरून क्लच आठवतो. हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली की पहिल्या गिअरला गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही. वरून लिव्हर दाबून-दाबून हवा काढायची पद्धत इथे फार कामाला येत नाही, कारण बुडबुडा चढतो वर आणि आपण त्याला ढकलतो खाली. उलट करावं. ६० मिलिची सिरिंज, पारदर्शक नळी, खाली इंजिनजवळचा ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायची तोटी, थोडा सैल, आणि तिथून हळूहळू वर तेल चढवायचं. लिव्हरजवळच्या तेलाच्या डबीत बुडबुडे येताना दिसतात. डबी भरत आली की दुसऱ्या सिरिंजने उपसायची. दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याआधी डबीचं झाकण वाचायचं. काही क्लचमध्ये डॉट ४, म्हणजे ब्रेकचं तेल, असतं, काहींत मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं गेलं की आतलं रबर फुगतं, लिव्हर दाबली तर परत येत नाही, आणि सगळे सील बदलावे लागतात. दोन्ही तेलं एकाच फळीवर ठेवू नयेत, आणि सिरिंजांवर मार्करने लिहून ठेवावं. घरात लहान मूल असेल तर हे सगळं कुलपात.

थंड इंजिनला क्लच प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. किक मारण्याआधी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, चार वेळा पुढे-मागे करावी. प्लेटा सुटतात. गिअरबॉक्समध्ये बऱ्याच कंपन्या एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचं तेल, सांगतात, ऑटोमोबाईलच्या दुकानात पॉवर स्टिअरिंगचं तेल म्हणून मागितलं तर बहुधा तेच लाल तेल पुढे येतं. डब्यावर एटीएफ लिहिलंय ना, तेवढं बघावं. काढलेलं तेल उन्हात धरून बघावं. लाल-तपकिरी असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, आणि त्याच वेळी कूलंट उतरलेलं असेल तर वॉटर पंपाचा सील गेला. नुसता सील बदलून भागतंच असं नाही. शाफ्टवर नख फिरवावं. नखाला चर लागला तर नवा सीलही थोड्या दिवसांत गळणार. शाफ्ट नवा घ्यावा, नाहीतर एमआयडीसीतल्या लेथवाल्याशी बोलावं.

आता धुणं. गाडी धुताना हात प्रत्येक नटावरून फिरतो, आणि सैल नट, वाकलेला स्पोक, गळका सील डोळ्यांच्या आधी हाताला कळतो. म्हणून धुण्याचं काम नोकराला किंवा वॉशिंग सेंटरला देऊ नये. शिवाय सेंटरवाल्याचा पाण्याचा फवारा बेअरिंगच्या सीलमधून थेट आत जातो, आतलं ग्रीस धुतो आणि तिथेच राहतो. बादली, मग, स्पंज, जुना टूथब्रश, एवढं पुरे. धुण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात फडकं आणि एअरबॉक्सच्या, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याच्या, तोंडावर प्लॅस्टिक. यवतेश्वरच्या बाजूचा जांभ्याचा लाल चिखल वाळण्याआधी काढावा. वाळला की तो रेडिएटरच्या जाळीत विटेसारखा बसतो, आणि मागच्या फॅनलाही धरतो. हळू चालणाऱ्या गाडीला वाऱ्याचा आधार नसतो, फॅनच तिचा वारा. धुऊन झाल्यावर, इंजिन बंद असताना, पातं बोटाने फिरवून बघावं. मग गाडी चालू करून तापू द्यावी. फॅन आपोआप लागला पाहिजे. लागत नसेल तर थर्मोस्विचचा, म्हणजे तापल्यावर फॅन लावणाऱ्या स्विचचा, जोड काढून त्या दोन तारा इंजिन चालू असताना एकमेकींना जोडाव्यात. फॅन फिरला तर स्विच मेला. नाही फिरला तर फॅन मेला, किंवा वायर तुटली.

एअर फिल्टर स्पंजाचा असतो. पेट्रोलमध्ये धुऊ नये, सांध्याचा गोंद सुटतो आणि काडीची भीती वेगळी. कोमट पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण. दाबायचा, पिळायचा नाही. सावलीत पूर्ण वाळवायचा, फिल्टर ऑइल चोळायचं, आणि परत दाबून जास्तीचं काढून टाकायचं, थेंब गळता कामा नये. दोन फिल्टर ठेवावेत. एकच असला की ओला बसवायचा मोह होतो.

आग्रहाच्या विरुद्ध इतकं बोलून झाल्यावर एका जागी मात्र हात सैल सोडायचा. मागच्या शॉकखाली लिंकेज असतं, म्हणजे शॉकला स्विंगआर्मशी जोडणारे सांधे, आत सुईएवढ्या रोलरांचं बेअरिंग. जमिनीला सगळ्यात जवळ, चिखलाच्या वाटेवर, आणि नव्या गाडीतसुद्धा ग्रीस तिथे कंजुषीने भरलेलं आढळतं. गाडी भक्कम क्रेटवर घ्यावी आणि मागचं चाक दोन्ही हातांनी हलकेच वर उचलावं. शॉक दबायच्या आधी 'टक्' असं लागलं तर लिंकेज बोलतंय. खोलताना खाली परात ठेवावी. रोलर सुटे निघतात, आणि अंगणातल्या खडीत पडलेला रोलर कुणाला सापडत नाही. मोजून काढायचे, मोजून बसवायचे. पिन गंजून खड्डे पडले असतील तर पिनही बदलायची. पाण्याला टिकणारं ग्रीस भरपूर, अगदी पुरणपोळीत पुरण भरावं तसं. बाहेर येईल तेवढं पुसता येतं. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा.

बेअरिंग गेलं म्हणून गाडी जिथून आली त्या स्पेनला किंवा इटलीला डोळे लावायची गरज नसते. चाकाच्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचता आला पाहिजे. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणायचं. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. हा नंबर घेऊन साताऱ्यातल्या बेअरिंगच्या दुकानात गेलं की मोटर पंपाच्या बेअरिंगांच्या शेजारी तेच पडलेलं असतं. ऑइल सीलवरही मापं छापलेली असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. लिंकेजच्या पिना मात्र मागवाव्याच लागतात.

चालवायचं कुठे, हा प्रश्न देखभालीच्या बाहेरचा, तरी एक सांगून टाकावं. कासच्या सड्यावर नाही. २०१२ पासून ते पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. त्याआधीही तिथलं बोटभर मातीतलं फूल टायरखाली घेण्यासारखं नव्हतंच. स्वतःच्या शेतातला कोरडा ओढा किंवा मालकाला विचारून बंद पडलेली खाण, खेळाला पुरून उरते. महाबळेश्वरकडे कुणाच्या रानात गेलात तर साताऱ्याच्या सुमारे ७०० मीटरवरून १३५० मीटरच्या आसपास चढता. हवा विरळ होते, मिश्रण जाड होतं, गाडी खालच्या आरपीएमला गुरगुरते. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू (एअर स्क्रू) पाव आटा बाहेर घेऊन बघावा. उतरल्यावर परत आत, हे लक्षात ठेवून.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा करावा. पेट्रोलचा नळ बंद, इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू, मग खालच्या वाटीचा स्क्रू सैल करून उरलेलं काढायचं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते हवेतली ओल ओढतं, आणि साताऱ्यात श्रावणात ओल मागावी लागत नाही. कार्बोरेटरमधल्या पायलट जेटचं, म्हणजे हळू चालताना पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक. तिथे चिकटा बसला की गाडी चोकवर चालते आणि चोक सोडला की मरते. त्यात तार घालू नये, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा, फार तर ब्रशचा एक नायलॉनचा केस.

उभ्या गाडीच्या सायलेन्सरच्या भोकात कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधते, टाकीच्या हवेच्या नळीतही बांधते. म्हणून दोन्ही तोंडं फडक्याने बुजवावीत. फडक्याचं एक टोक लांब ठेवून ते किकच्या दांड्याला बांधावं. नाहीतर पहिल्या उघडिपीला माणूस घाईने बाहेर येतो, वीस किका मारतो, प्लग काढतो, कार्बोरेटर उघडतो, आणि फडकं आत तसंच.